वेन शॉर्टर गेले : रविवारच्या बैठकीत काय ऐकवावं आणि ‘फुटप्रिंट्स’ कसं बसवावं?

मंद्रसप्तक

२ मार्च २०२३ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार वेन शॉर्टर गेले. वय ८९. अजून पटत नाही, कारण महिनाही झाला नव्हता, ५ फेब्रुवारीला त्यांना आणि पियानोवादक लिओ जेनोवेझे यांना उत्स्फूर्त सोलोचं ग्रॅमी मिळालं होतं. डेट्रॉइटच्या महोत्सवातलं ध्वनिमुद्रण होतं ते.

येत्या रविवारी, १२ तारखेला, पुण्यात त्यांच्यासाठी बैठक ठेवली आहे. पंधरा-वीस माणसं येतील. निम्मी शास्त्रीय संगीत ऐकणारी आहेत, जॅझ जवळजवळ न ऐकलेली. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, साधारण सव्वा तासात काय ऐकवावं आणि कोणत्या क्रमाने? नुसती गाजलेली नावं नकोत, प्रत्येक ठिकाणी कान कुठे ठेवायचा तेही सांगा.

दोन, शेवटी त्यांची ‘फुटप्रिंट्स’ ही रचना प्रत्यक्ष वाजवायचं ठरलंय. टेनर सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस गिटार आणि ड्रम्स. हातात सी मायनरमधला कागद आहे. तालमीत पहिले आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचं एक आवर्तन) बरे जातात, मग सगळं कोसळतं. का कोसळतं?

---

रीळ_आणि_तबकडी

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, दुसऱ्याचं वाजवणारे सांगतील.

सुरुवात ‘लेस्टर लेफ्ट टाउन’ने करा. ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडने हे मार्च १९६० मध्ये मुद्रित केलं, ‘द बिग बीट’ या तबकडीवर आहे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग मार्च १९५९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी शॉर्टर यांनी ही रचना केली. म्हणजे एका सॅक्सोफोनवाल्याने दुसऱ्याला दिलेला निरोप. आता शॉर्टर यांना निरोप द्यायला याहून योग्य सुरुवात मला दिसत नाही. ऐकायचं काय? मुखड्यातली सुरावट अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत येते. लेस्टर यंग यांची ती ऐसपैस, रेंगाळत चालण्याची ढब त्यात आहे. रडका सूर कुठेही नाही, लयही चांगली चालती आहे.

त्यानंतर थेट शॉर्टर यांची स्वतःची तबकडी, ‘स्पीक नो ईव्हिल’. २४ डिसेंबर १९६४, न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सचा रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ. फ्रेडी हबर्ड ट्रम्पेट, हर्बी हॅन्कॉक पियानो, रॉन कार्टर बेस, एल्विन जोन्स ड्रम्स. यातली दोन घ्या. ‘विच हंट’मध्ये मुखड्याची उडी षड्जावरून शुद्ध मध्यमावर, तिथून पुन्हा चौथ्या स्वरावर, अशा अंतरांची आहे. आपल्याकडच्या कानांना ती पटकन पकडता येते. आणि ‘इन्फन्ट आइज’. ही त्यांनी मुलीसाठी, मियाकोसाठी, लिहिली. यात ट्रम्पेट नाही, फक्त टेनर आणि बाकी तिघे.

‘इन्फन्ट आइज’ची बांधणी आधी सांगाच. जॅझमध्ये साधारणपणे आठ-आठ बारचे तुकडे असतात. इथे प्रत्येक तुकडा नऊ बारचा आहे, असे तीन, एकूण २७. आठव्या बारवर ओळ संपेल असं कान धरून बसतो आणि एक बार आणखी येतो. ऐकणाऱ्याला मोजायला लावू नका, नुसतं सांगून ठेवा. त्या नवव्या बारमध्ये शॉर्टर बहुतेक वेळा काही भरत नाहीत, सूर सोडून देतात. माझ्या मते अख्खा माणूस त्या एका बारमध्ये सापडतो.

मग शॉर्टर यांचीच ‘नेफर्टिटी’, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा पाच जणांचा बँड, जून १९६७. सोळा बारची सुरावट ट्रम्पेट आणि टेनर पुन्हा पुन्हा वाजवतात, सोलो कुणीच घेत नाही. सगळी हालचाल खाली, टोनी विल्यम्स यांच्या ड्रम्समध्ये. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना एका वाक्यात कळेल : नगमा कायम आहे आणि तबल्याचा सोलो चालू आहे. आणखी एक जागा. मध्यावर दोन्ही वाद्यं मुद्दाम किंचित मागेपुढे होतात, एकाची सावली दुसऱ्यावर पडल्यासारखी. सहवादन चुकलंय असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगा.

पुढे शॉर्टर आणि कीबोर्डवादक जो झाविनुल यांच्या वेदर रिपोर्ट या बँडचं ‘अ रिमार्क यू मेड’ (१९७७, ‘हेवी वेदर’). रचना झाविनुल यांची, पण टेनरचा सूर ऐका. शेवटी १९७५ च्या ‘नेटिव्ह डान्सर’मधलं ‘पोन्ता दे आरेया’, ब्राझीलचे मिल्टन नासिमेंतो यांचा आवाज आणि शॉर्टर यांचा सोप्रानो (टेनरहून उंच सुराचा सॅक्सोफोन). त्या आवाजाला सोप्रानो कुठे येऊन मिळतो तेवढंच ऐकायचं, बोलायचं काही नाही.

हे सगळं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बसतं. ‘फुटप्रिंट्स’ची दोन ध्वनिमुद्रणं धरली तर तासभर.

---

काळी_चार

टेनरवाल्यासाठी. कागद सी मायनरचा आहे, पण टेनर बी फ्लॅटचं वाद्य, म्हणजे बोटांनी सी वाजवला की ऐकू बी फ्लॅट येतो. कागदावरचं सगळं एक पूर्ण स्वर वर चढवून वाचायचं, म्हणजे बोटांत डी मायनर येतो. सोप्रानो घेतला तरी हेच. अल्टो असेल तर ए मायनर. हे तुम्ही केलं असेलच, नाहीतर पहिल्या ओळीतच कळलं असतं. तुमची मोडतोड नवव्या बारवर होते आहे.

रचना म्हणजे १२ बारचा मायनर ब्ल्यूज (ब्ल्यूज हा जॅझमधला ठरलेला साचा, मायनर म्हणजे कोमल गंधाराचा). सी मायनर चार बार, एफ मायनर दोन, परत सी मायनर दोन. इथपर्यंत आठ. नवव्या आणि दहाव्या बारमध्ये चार कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ) ओळीने येतात, प्रत्येक अर्धा बार :

एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, मग एफ सेव्हन शार्प इलेव्हन, मग ई सेव्हन ऑल्टर्ड, मग ए सेव्हन ऑल्टर्ड. त्यानंतर दोन बार सी मायनर.

टेनरच्या बोटांत तेच जी शार्प, जी, एफ शार्प, बी असं होतं.

नेहमीच्या ब्ल्यूजमध्ये इथे पाचव्या स्वरावरच्या कॉर्डवरून (इथे जी सेव्हन) घरी येणं असतं. हात त्या सवयीने जी सेव्हनकडे जातो आणि कीबोर्डशी भांडण होतं. आणि कॉर्ड्स दुपटीने बदलतात, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा स्केल आठवायला गेलात की मागे पडलात.

उपाय असा. या चारही कॉर्ड्समध्ये सी हा स्वर आहे. पहिल्यात तो फ्लॅट फाइव्ह, एफमध्ये पाचवा, ई ऑल्टर्डमध्ये शार्प फाइव्ह, ए ऑल्टर्डमध्ये शार्प नाइन. आणि घरी आल्यावर तोच षड्ज. टेनरच्या बोटांत डी. तालमीत पहिले दहा फेरे नवव्या-दहाव्या बारमध्ये फक्त तो एक डी लांब धरा. खाली कीबोर्ड चार वेळा रंग बदलेल आणि तुमचा सूर प्रत्येक वेळी वेगळा वाटेल. कान तयार झाला की त्याच्या आजूबाजूला एक-दोन स्वर लावा, त्याहून जास्त नको. इथे गर्दी केली की रचनेचा जीवच जातो.

सुरात राहण्याबद्दल. कीबोर्ड हलत नाही, सॅक्सोफोन गरम झाला की चढतो. मार्चमधली बंद खोली, वीस माणसं, चढणारच. थंड वाद्यावर जुळवू नका. पाच-दहा मिनिटं फुंकून घ्या, मग कीबोर्डच्या ए वर जुळवा (टेनरवर बी). चढा वाटला तर माउथपीस कॉर्कवरून थोडा बाहेर ओढा. दोन मिलिमीटरही ऐकू येतात.

---

खर्जातला

बेस आणि ड्रम्सबद्दल, कारण अर्धं कोसळणं तिथेच होतं.

कागदावर हे कधी तीन मात्रांत लिहिलेलं असतं (मग २४ बार), कधी सहा मात्रांत (मग १२). काळी_चार यांनी १२ चा हिशोब दिला आहे. तुमच्यातला एक जण २४ चा कागद बघत असेल आणि दुसरा १२ चा, तर ‘नववा बार’ दोघांचा वेगळा. आधी सगळ्यांनी एकच कागद घ्या. माझं मत सहाचं. १२ आवर्तनं गुणिले ६, म्हणजे एका फेऱ्याला ७२ मात्रा.

तीनमध्ये मोजलं की ड्रमवाला नकळत वॉल्ट्झचा ‘धूम-चिक-चिक’ धरतो. मग गाणं घसरगुंडीसारखं पुढे पळतं. आपल्याकडची मंडळी दादरा धरतात, तेही नको, चौथ्या मात्रेवर खालीसारखं हलकं पडायला लागतं. बेसची ओळ सहाच्या सहा मात्रा एका श्वासात धरते, वजन फक्त पहिलीवर. बेसवाल्याने पहिले आठ बार ती ओळ अजिबात बदलायची नाही. सोलो रंगात आला तरी नाही.

आता गंमत कळायला दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, आणि शक्य तर बैठकीतही तशीच ऐकवा. शॉर्टर यांच्या ‘अॅडम्स अॅपल’ तबकडीवरचं फेब्रुवारी १९६६ चं, ड्रम्सवर जो चेंबर्स, बेसवर रेजी वर्कमन, सहा मात्रा स्वच्छ. मग माइल्स डेव्हिस यांच्या ‘माइल्स स्माइल्स’वरचं, ऑक्टोबर १९६६, रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स. आठ महिन्यांत रचना कुठल्या कुठे गेली आहे. तिथे सहा मात्रांच्या जागेत चार समान ठोके येतात, प्रत्येक ठोका दीड मात्रेचा. ठोके पडतात ते १ वर, २ आणि ३ च्या मधोमध, ४ वर, ५ आणि ६ च्या मधोमध.

हे हातात यायला : टाळीने सहा मोजत राहा, पायाने ते चार ठोके द्या. सुरुवातीला अगदी संथ, तोंडाने आकडे म्हणत. पाच मिनिटं न चुकता झालं की हात-पाय बदला. रविवारपर्यंत ड्रमवाल्याला हे आलं नाही तर वाजवू नका, सरळ सहा ठेवा. अर्धवट आलेलं चार ठोक्यांचं वजन नवव्या बारवर हमखास सुटतं, कारण तिथेच कॉर्ड्स बदलायची घाई असते.

---

सावकाश

रीळ, यादी उत्तम आहे, पण ‘नेफर्टिटी’ची जागा मला पटत नाही. आठ मिनिटं तीच सुरावट. जॅझ न ऐकलेल्या माणसाला चौथ्या क्रमावर ती जड जाईल. ‘माइल्स स्माइल्स’मधलं ‘फुटप्रिंट्स’ आधी लावा. टोनी विल्यम्स काय करतात हे त्यात कळलं की मग ‘नेफर्टिटी’त कान आपोआप ड्रम्सकडे जाईल.

दुसरं, शेवटच्या काळातला चौकडा हवाच. डानिलो पेरेझ, जॉन पॅटिटुची, ब्रायन ब्लेड. २००० पासून जवळपास वीस वर्षं. २००२ च्या ‘फुटप्रिंट्स लाइव्ह!’मधून हीच रचना थोडी ऐकवा. मुखडा तुकड्यातुकड्यात येतो, कधी नुसतीच चाहूल. सत्तरीला टेकलेला माणूस स्वतःच्या पस्तीस वर्षं जुन्या चालीला जसं वागवतो ते ऐकून मला दरवेळी भरून येतं.

आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेसची ओळ तिथे ऐकूच येत नाही, आणि ‘फुटप्रिंट्स’मध्ये तीच गेली तर उरलं काय? दोन स्पीकर सहा-सात फूट अंतरावर, माणसं समोर. एकाच स्पीकरवर लावायचं असेल तर सेटिंग मोनो करून घ्या. ‘स्पीक नो ईव्हिल’, ‘अॅडम्स अॅपल’ काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीच्या त्या काळातल्या स्टिरिओत वाद्यं एकेका बाजूला ढकललेली आहेत, एकच बाजू जोडली तर अर्धा बँड गायब होईल.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. खर्जातला, तुमचं बरोबर निघालं. कीबोर्डकडे २४ चा कागद होता, टेनरकडे १२ चा. आज एकच केला.

दोन छोटे प्रश्न. ‘बर्डलँड’ची फर्माईश आली आहे, आणि ‘आजा’ चीही. घेऊ का? आणि टेनरची जी शार्पची चावी अधूनमधून उघडतच नाही, नेमकी त्या नवव्या बारमध्ये.

---

रीळ_आणि_तबकडी

‘बर्डलँड’ झाविनुल यांचं आहे, शॉर्टर यांचं नाही. ‘हेवी वेदर’वर त्यांच्या स्वतःच्या रचना ‘हार्लेक्विन’ आणि ‘पॅलेडियम’. फर्माईश असेल तर ‘पॅलेडियम’ द्या. ‘आजा’ स्टीली डॅन या रॉक बँडचं, १९७७, तिथे शॉर्टर यांचा टेनर सोलो आहे, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड. घ्या खुशाल. रॉक ऐकणारी माणसं त्यातून आत येतात. फक्त सोलो सुरू होण्याआधी कुजबूज थांबवा.

सावकाश यांचा क्रम मला मान्य. ‘नेफर्टिटी’ नंतरच ठेवा.

---

काळी_चार

जी शार्पचं कारण साधं आहे. ती चावी बोट दाबल्याने थेट उघडत नाही. बोट फक्त वरची पट्टी बाजूला करतं, झाकण उघडतं एका नाजूक स्प्रिंगने. पॅड ओलसर किंवा चिकट झालं की त्या स्प्रिंगची ताकद पुरत नाही. गोड चहा पिऊन वाजवलं की हे ठरलेलं.

सिगारेटचा पातळ कागद घ्या, गोंदाची कड कापून टाका. पॅडखाली सरकवा, झाकण हलकं दाबा, सोडा, कागद काढा. दाबून धरलेलं असताना ओढू नका, पॅडचं चामडं फाटतं. स्वच्छ जागा बदलत चार-पाच वेळा करा. पावडर टाकू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग लगदा होतो. वाजवण्याआधी अर्धा तास पाणी सोडून काही प्यायचं नाही, आणि सुरू करण्याआधी ती चावी एकदा दाबून झाकण उघडतंय ना ते डोळ्यांनी बघायचं.

तरीही चिकटली तर नवव्या बारमध्ये जी शार्प घेऊच नका. तो लांब डी आहेच.