रॅम्पच्या पुढचं

रॅम्प-लिफ्ट झाली की कॉलेज दिव्यांगांसाठी सुगम झालं, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातल्या डिस्लेक्सियाला, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीला, रॅम्प काय करणार?

मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होत्या; तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतो. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरवर (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) त्यातून नुसती अर्थहीन इंग्रजी अक्षरं ऐकू आली. फार वाईट वाटलं. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, केलं, तर बुटीबोरीहून बसने येणारी मुलंही त्या नोट्स फोनवर ऐकू लागली! फळ्यापाशी आता ‘वक्र इथून असा’ म्हणत नाही. ‘किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो’ असं पूर्ण बोलते. स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं; त्या मात्र अजून टाइप करायच्या आहेत.