मदत हवी आहे : २००९ ची वॅगनआर, हेडलाइट फार मंद. एलईडी घालू की हॅलोजनच ठेवू?

नमस्कार. आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या केरीला राहतो. गाडी बाबांची, २००९ ची पेट्रोल वॅगनआर. एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत, पण इंजिनाची काही तक्रार नाही. दुखणं आहे ते हेडलाइटचं.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन साखळीहून परत येत होते. साडेसात वाजून गेले होते, पाऊस नुकताच थांबलेला. एका वळणानंतर रस्त्याच्या मधोमध म्हैस बसली होती. ओलं डांबर काळं, म्हैस काळी. मला ती दिसलीच नव्हती. तिने मान वळवली, डोळे चमकले आणि मी ब्रेकवर पाय दिला. बंपर आणि तिची पाठ यांत दोन हात अंतर राहिलं. आईच्या मांडीवरचा डबा खाली पडून भाजी सांडली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मी चाळिसाच्या आसपास होते म्हणून निभावलं. ताशी ५० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, हे मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं आणि झोप लागली नाही.

आता लक्षणं सांगते. डिपवर उजेड पिवळट आणि अशक्त पडतो. डाव्या बाजूचा जास्तच मंद आहे. गाडी जागेवर उभी असताना ॲक्सिलरेटर थोडा दाबला की दोन्ही लाइट किंचित उजळतात. अप्परवर बरं दिसतं, पण आमच्या रस्त्यावर सतत समोरून दुचाक्या येतात, अप्पर किती वेळ ठेवणार? हेडलाइटच्या काचा (प्लॅस्टिकच्याच आहेत) पिवळ्या आणि धुरकट झाल्यात. टूथपेस्टने घासून पाहिल्या. पंधरा दिवस फरक वाटला, मग परत तेच.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हा ॲक्सेसरीच्या एका दुकानात विचारलं. त्यांनी लगेच एलईडीची जोडी काढली. ६००० केल्व्हिन, पांढरा शुभ्र उजेड, २२०० रुपये, अर्ध्या तासात बसवून देतो म्हणाले. भिंतीवर लावून दाखवला तर खरंच दिवस उजाडल्यासारखा. पैसे काढायला पर्समध्ये हात घातला आणि थांबले. पणजीहून येताना हायवेवर समोरच्या पांढऱ्या लाइटने रोज माझेच डोळे दिपतात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तसा लाइट समोरून आला की ते स्टिअरिंग घट्ट धरून गाडी डावीकडे घेतात आणि थांबतात. तोच त्रास मी दुसऱ्या कुणाच्या वडिलांना द्यायचा का, हा विचार मनातून जात नाही.

पुढच्या महिन्यात आईला तपासणीसाठी बेळगावला न्यायचं आहे, म्हणजे चोर्ला घाट. परतताना अंधार होणार आणि धुकंही असेल. त्याआधी हे काम व्हायला हवं. मला एवढं सांगा : मुळात दोष बल्बचा आहे, काचेचा की वायरिंगचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? बल्ब बदलायचाच तर कुठला घ्यायचा? आणि बल्ब मी स्वतः बदलू शकते का? स्कूटरचा प्लग आणि घरातले स्विच मी बदलते, हाताला सवय आहे.

प्रतिसाद (फोंडा)

ताई, एलईडी घेतला नाहीत ते उत्तम केलंत. कारण सांगतो. तुमच्या गाडीत एच४ बल्ब आहे. एकाच बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात, डिपचं ५५ वॅट आणि अप्परचं ६०. डिपच्या फिलॅमेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या चकचकीत वाडग्याच्या) फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर फेकला जातो. अख्खा रिफ्लेक्टर त्या बारीक फिलॅमेंटची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीत त्या जागी दोन बाजूंना चपट्या चिप असतात. मिलिमीटरचा फरक पडला तरी झोत वर फुटतो. भिंतीवर पांढरा पट्टा दिसतो खरा, पण रस्त्यावर जवळ लख्ख आणि लांब अंधार, आणि समोरच्याच्या थेट डोळ्यांत. शिवाय एलईडीच्या मागच्या पंख्यामुळे रबरी बूट (बल्बमागचं पाणी अडवणारं आवरण) नीट बसत नाही आणि आपल्या पावसात आत पाणी जातं.

कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याच विषयावर आहे. झोत कायम खाली वळलेला हवा. ८ मीटरवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असणाऱ्या माणसाला तो दिपवता कामा नये.

प्रतिसाद (डिचोली)

मी गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर लाइट उजळतो आणि डावा जास्त मंद आहे, या दोन गोष्टी वाचल्या आणि मला बल्बपेक्षा वायरिंगचा संशय येतोय. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळत नसणार. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड १० टक्क्यांनी नाही, ३० टक्क्यांनी पडतो. म्हणून महागडा बल्ब घालूनही लोक म्हणतात फरक नाही.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. इंजिन चालू ठेवा, डिप लावा. आधी बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ व्होल्टच्या मध्ये यायला हवं. मग बल्बवर मोजा, पण होल्डर काढून नव्हे. इथेच सगळे फसतात. होल्डर सुटा करून मोजलात तर करंट वाहतच नाही, त्यामुळे करपलेल्या वायरवरही पूर्ण १४ दिसतं. बल्ब पेटता असताना होल्डरच्या पाठून, वायर जिथे आत शिरते तिथे सुया घालून मोजा. वरची आडवी पिन डिपची. १३ च्या वर असेल तर वायरिंग ठीक, बल्ब आणि काच बघा. १२ च्या आसपास असेल तर बल्बवर पैसे घालू नका.

आणि बल्ब बाहेर काढलात की त्याच्या पत्र्याच्या कॉलरवर काय कोरलंय ते वाचा. ६०/५५ असायला हवं. १००/९० असेल तर मला कळवा.

प्रतिसाद (मडगाव)

दोन गोष्टींची भर. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल गरम काचेवर करपतं, तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, बल्ब थंड होऊ द्या, होल्डर सरळ मागे ओढा, रबरी बूट काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला सारा. नवा बल्ब तीन कानांवर बसतो, एकाच पद्धतीने. जोर लावावा लागला तर तो चुकीचा बसतोय असं समजा. बूट परत घालताना चारी बाजूंनी बोट फिरवून बघा. माझ्या गाडीत बूट अर्धवट बसला आणि जुलैत रिफ्लेक्टरला पाणी लागून त्याची चांदी उडाली. तो परत तसा होत नाही.

दुसरं, निळसर ‘सुपर व्हाइट’ हॅलोजन घेऊ नका. काचेवरची निळी झिलई उजेड खातेच, आणि ओल्या रस्त्यावर पांढरा उजेड हरवून जातो. फिलिप्स किंवा ओस्रामचा साधा ६०/५५ पुरतो. त्यांचे जास्त उजेडाचे, १०० टक्के किंवा १३० टक्के लिहिलेलेही वॅटला तेवढेच असतात आणि झोत लांब टाकतात, पण आयुष्य कमी. रोज रात्री चालवत असाल तर साधाच घ्या, आणि दोन्ही एकदम बदला.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुपारी मल्टिमीटर घेऊन बसले. बाबांनी आत बसून इंजिन चालू ठेवलं.

बॅटरीवर १४.१. उजव्या बल्बवर १२.६. डाव्यावर ११.८!

मग बॅटरी सोडून डावा होल्डर ओढला तर तो निघेचना. हलवत हलवत काढला आणि हातात बघितलं तर पांढरं प्लॅस्टिक एका कडेला चहासारखं तपकिरी झालेलं, एका पिनेभोवती वितळून आत धसलेलं. ती पिन काळी, वायरचं रबर दोन इंच कडक होऊन तडकलेलं. नखाने टोकरलं तर तुकडा पडला. बाबांनी वास घेतला आणि एवढंच म्हणाले, “हें करपलां.”

बल्बच्या कॉलरवर १००/९० होतं. उजव्याच्याही. आम्ही हे बल्ब कधी मागितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करताना एक बल्ब गेला म्हणून दोन्ही बदलले होते. बिलावर नुसतं ‘हेडलाइट बल्ब २’ लिहिलंय. न विचारता असे बल्ब घातले याचा मला फार राग आला. बाबा रात्री हीच गाडी घेऊन जत्रेला जायचे.

प्रतिसाद (डिचोली)

हाच संशय होता. हिशेब साधा आहे, ताई. ५५ वॅटचं फिलॅमेंट १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या थोडं वर घेतं. ९० वॅटचं साडेसात. कंपनीची बारीक वायर आणि होल्डर साठ वॅटच्या हिशेबाने घातलेले असतात. पिन तापते, सैल होते, सैल झाली की आणखी तापते. व्होल्टेज त्या पिनेतच संपतं आणि मोठा बल्ब घालूनही उजेड कमी. आग लागली नाही हे नशीब.

दोन्ही होल्डर सिरॅमिकचे घ्या, करपलेली वायर आत चांगलं चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापून जाड वायर जोडा. जोड पिळून टेप मारू नका. सोल्डर करा किंवा दाबून घ्या आणि वर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसते ती) चढवा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. त्यानंतर परत मोजा. तरीही १३ च्या खाली असेल तर रिले किट, म्हणजे बॅटरीतून जाड वायरने थेट बल्बला करंट देणारा जोड. मात्र किट घेण्याआधी होल्डरच्या कॉमन (डिप-अप्पर दोन्हींच्या सामाईक) पिनेवर पॉझिटिव्ह येतो की निगेटिव्ह ते बघून घ्या. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह तोडतो, काहींत निगेटिव्ह. उलटं किट घातलं तर लाइट लागणार नाही किंवा डिप-अप्पर एकदम पेटेल.

मूळ प्रश्नकर्तीकडून

काम झालं. वायर आणि होल्डर साखळीतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले, मी शेजारी उभी राहून सोल्डर करायला लावलं. बल्ब साधे ६०/५५, मी स्वतः घातले. डावीकडे हात जेमतेम शिरतो. आरशाने क्लिप बघत बघत वीस मिनिटं गेली, उजवा पाच मिनिटांत झाला.

आता बॅटरीवर १४.१ आणि दोन्ही बल्बवर १३.३. रिलेची गरज वाटत नाही. कमी वॅटचा बल्ब घालून उजेड वाढलाय, हे आईला अजून पटत नाही.

शाळेच्या भिंतीसमोर सपाट जागेवर १० मीटरवर गाडी लावून फोकसही बघितला. बल्बच्या उंचीची रेघ खडूने मारली. डिपची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली हवी असं वाचलं होतं, आमची डावी रेघेच्या वर गेली होती. मागच्या स्क्रूने खाली आणली. डावीकडे झोत थोडा वर चढतो तो तसाच ठेवलाय, तो रस्त्याची कड दाखवण्यासाठी असतो हे आता कळलं. काल रात्री त्याच वळणावर हळू गेले. म्हैस नव्हती, पण रस्त्याकडेचा दगड आणि त्यामागचं गवत बरंच आधी दिसलं. समोरून आलेल्या स्कूटरवाल्याने डिप-अप्पर करून खूणही केली नाही.

राहिली फक्त काच. पॉलिश पेपरने घासून वर यूव्ही कोट (ऊन अडवणारा थर) मारायचं ठरवलंय, नुसत्या पॉलिशवर ऊन परत पिवळेपणा आणतं म्हणून. साखळीत ८०० (खरखरीत) आणि २००० चे (बारीक) पेपर मिळाले, १५०० चा संपलाय. ८०० वरून थेट २००० वर गेले तर चालेल का?

प्रतिसाद (मडगाव)

नको. ८०० चे ओरखडे २००० ने निघत नाहीत आणि कोट मारल्यावर उन्हात सगळे दिसतात. शुक्रवारी म्हापशाला जाल तेव्हा १००० आणि १५०० दोन्ही आणा. पेपर ओला ठेवून घासा, आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा. कोट पावसाच्या दिवशी मारू नका, दमट हवेत तो दुधाळ होतो. उघडीप मिळेपर्यंत थांबा. घाटाला जायच्या आधी चार दिवस हातात ठेवा.