पॉइंट्स आहेत, पण लग्नाचा वाढदिवस जूनमध्ये!

हॉटेलच्या सदस्यत्वाचे साठलेले पॉइंट्स वापरून लग्नाच्या वाढदिवसाला चार रात्री कुठे जावं, मालदीव, फुकेत की गोवा, असं तुम्ही विचारलंय. पण तारीख जूनच्या शेवटची म्हणताय, तिथेच निम्मं उत्तर आहे. तेव्हा तिन्हीकडे पावसाळा. फुकेतला किनाऱ्यावर ‘पोहू नका’ सांगणारे लाल बावटे आणि गोव्यातला समुद्र म्हणजे नुसता बघायचा. (मला तो तसाच आवडतो, पण वहिनींना विचारून ठरवा!)

मालदीवचं आणखी एक. खोली पॉइंट्सवर मिळते, पण बेटावरच्या हॉटेलपर्यंत नेणाऱ्या सी-प्लेनचे (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे) पैसे सहसा खिशातूनच जातात आणि दोघांचा तो खर्च चांगलाच चावतो. शिवाय ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उशिरा उतरलं, तर पहिली रात्र राजधानी मालेच्या आसपासच काढावी लागेल.

मी तुमच्या जागी असतो तर डोळे मिटून बाली घेतलं असतं. जून तिथे कोरडा महिना. तिथल्या नुसा दुआ या किनाऱ्यावर मॅरियट, हिल्टन, हयात या तिन्ही साखळ्यांची हॉटेलं आहेत आणि पाणी शांत, पोहता न येणाऱ्यालाही उतरता येईल असं. फक्त तो किनारा पूर्वेकडचा, म्हणजे सूर्योदय मिळेल, सूर्यास्त नाही. सूर्यास्तासाठी एक संध्याकाळ पश्चिमेकडच्या जिंबारन किनाऱ्यावर जा. वाळूतच टेबलं मांडलेली असतात, मासे निखाऱ्यावर भाजून देतात.

आणि चारऐवजी पाच रात्री बघा. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या की एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत. हिल्टनलाही तसंच, पण तिथे सदस्यत्वाचा निदान सिल्व्हर दर्जा हवा.