विषय: ओहिप कार्ड आणि डिसेंबरमधलं लग्न

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या यादीवर माझं हे पहिलंच पत्र. मी, बायको आणि चार वर्षांचा मुलगा असे तिघे १० ऑगस्टला पीआरवर (कायम रहिवासी म्हणून) ब्रॅम्प्टनला आलो. अजून ओहिपचा, म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचा, अर्ज केलेला नाही. ऑफिसात एक जण म्हणाला, पहिले तीन महिने काही मिळत नाही, मग घाई कशाला. दुसरं, १४ डिसेंबरला पुण्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. २८ नोव्हेंबर ते ५ जानेवारी अशी तिकिटं काढून ठेवली आहेत. त्यानं काही बिघडेल का? आणि आईला वसंतात आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आणायचं आहे. तिला कार्ड मिळतं का?

ब्रॅम्प्टनचा नवखा

---

रि: ओहिप कार्ड आणि डिसेंबरमधलं लग्न

अरे, स्वागत! तीन महिन्यांचं खरं आहे. आम्ही २००४ साली आलो तेव्हा तुझ्या काकूला पित्ताशयाचं दुखणं सुरू झालं, आणि कॅलेंडरवर फुल्या मारत ओव्याच्या पाण्यावर तिनं ते दिवस काढले. तीन महिन्यांचा खासगी विमा घेऊन टाक, झोप लागेल. लग्नाला अगदी जरूर जा, बहीण एकदाच लग्न करते.

स्कारबरोचे काका

---

रि: रि: ओहिप कार्ड आणि डिसेंबरमधलं लग्न

काका, माफ करा, पण ती अट १९ मार्च २०२० पासून गेली. कोविडच्या सुरुवातीला काढली आणि पुन्हा आणलेली नाही. कॅनडा हेल्थ ॲक्टनुसार प्रांतांना जास्तीत जास्त तीन महिने थांबवता येतं, थांबवायलाच हवं असं नाही. माझी चुलत बहीण सरेला आहे, तिकडे ब्रिटिश कोलंबियात अजून आलेला महिना धरून पुढचे दोन महिने वाट बघावी लागते. १ तारखेला उतरलं तर पूर्ण तीन महिने, ३० ला उतरलं तर दोनच. विमान कधीचं घ्यावं यावर त्यांच्या घरात वाद झाला होता.

दादा, तुमच्याकडे मात्र वाट बघण्याचं कारणच नाही. अर्ज ह्याच आठवड्यात करा. सर्व्हिसओंटारिओला (प्रांताच्या सरकारी सेवा केंद्रात) तीन वेगवेगळे मूळ कागद न्या, झेरॉक्स चालत नाही: स्थलांतराचा (पीआर कार्ड किंवा सीओपीआर, म्हणजे पीआर मिळाल्याचं पुष्टीपत्र), पत्त्याचा (घराचं लीज चालतं) आणि ओळखीचा (पासपोर्ट). एकच कागद दोन कामांसाठी दाखवता येत नाही, त्यामुळे लोक दोनदा हेलपाटा मारतात. मुलाचाही अर्ज वेगळा भरायचा.

आता लग्नाचं. इथे तुमचं तिकीट अडतंय. पहिल्या १८३ दिवसांतले किमान १५३ दिवस तुम्ही प्रत्यक्ष ओंटारिओत असायला हवेत. म्हणजे बाहेर राहायला उरले ३० दिवस. १० ऑगस्टपासून मोजलं तर १८३ दिवस ८ फेब्रुवारीला भरतात, आणि तुमची फेरी सदतीस-अडतीस दिवसांची आहे. बरं, बाहेर म्हणजे फक्त भारत नव्हे. मॉन्ट्रियलला चार दिवस गेलात, नायगराच्या अमेरिकन बाजूला मुक्काम केलात, तेही त्यातच जातात. तीसच्या तीस वापरू नका, धुक्यानं दिल्लीचं विमान अडकलं की हिशोब बोंबलतो. पुढे दरवर्षी मात्र १२ महिन्यांत १५३ दिवस पुरतात, म्हणजे २१२ दिवस बाहेर राहता येतं. निवृत्त मंडळी हिवाळाभर पुण्यात असतात ती ह्याच हिशोबावर.

आईंचं: सुपर व्हिसा हा पाहुण्याचाच व्हिसा, त्यावर ओहिप नाही. किमान १,००,००० डॉलरचा, एक वर्षाचा खासगी विमा अर्जासोबतच दाखवावा लागतो. बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजाराची अट नीट वाचा, विमा एजंटाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. माझ्या सासूबाईंच्या वेळी गोळीचा डोस बदललेला आम्ही कळवला नाही, आणि क्लेम नाकारला गेला.

आणखी एक, दात आणि चष्मा ओहिपमध्ये नाही. तुमच्या वयात डोळे तपासायचे पैसेही खिशातून, औषधांचे पण. ऑफिसचा ग्रुप विमा किती देतो ते बघून ठेवा.

मिसिसागाची ताई

---

रि: रि: रि: ओहिप कार्ड आणि डिसेंबरमधलं लग्न

ताई, तिकीट बदललं. ५ डिसेंबरला निघून ३० ला परत, त्यासाठी माणशी दंड भरला. केळवणाला दादा नाही म्हणून बहीण रुसली आहे, तिला १५३ चा पाढा पाठ करून दाखवला तरी पटत नाही. अर्ज काल केला. लीजवर बायकोचं नाव नव्हतं म्हणून तिचा अडला, मालकाकडून नवीन लीज सही करून आणतोय. शनिवारी काउंटर किती वाजेपर्यंत उघडा असतो, कोणाला माहीत आहे?

---

रि: रि: रि: रि: ओहिप कार्ड आणि डिसेंबरमधलं लग्न

प्रत्येक ठिकाणी वेळ वेगळी, काही तर शनिवारी बंदच. जवळच्याची वेळ आधी बघूनच निघ. आणि मी कोविडनंतरचं काही वाचलंच नाही असं काकू म्हणते आहे, तेव्हा पुढच्या पत्रांना तिलाच उत्तर द्यायला सांगतो.

स्कारबरोचे काका