मंडपाचं बिल कोण भरतं? (अनुभव धागा)

दुष्काळ पडला किंवा पूर आला की हा वाद हमखास उकरला जातो. एकीकडे शपथविधी, भूमिपूजन नाहीतर लाभार्थी मेळाव्याचा भलामोठा मंडप, दुसरीकडे टँकरची रांग. मग ठरलेले संवाद सुरू. 'एवढ्या पैशात किती टँकर आले असते!' आणि त्यावर 'तुमचं सरकार होतं तेव्हा कुठे होतात?' यातून हाती काही लागत नाही, कारण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सोहळा टीव्हीवर पाहिलेला असतो आणि दुष्काळही टीव्हीवरच.

2013 च्या दुष्काळात एका मंत्र्यांच्या घरच्या लग्नाचा थाट पाहून शरद पवारांनी स्वतःच्याच पक्षाच्या माणसाला जाहीर फटकारलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली, तेव्हा मराठवाडा कोरडा होता आणि चर्चा मात्र पंचतारांकित हॉटेलातल्या खोल्यांची. शेवटी मुख्यमंत्र्यांचा मुक्काम सुभेदारी विश्रामगृहावर हलला. त्यानंतर दीडेक महिन्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. म्हणजे विषय कुठल्या एका पक्षाचा नाही.

म्हणून इथे मतं कमी, अनुभव जास्त. तुम्ही मंडप घातला असेल, गर्दीत बसला असाल, ड्युटी केली असेल, त्या दिवशी बस चुकली असेल, तर तेवढंच लिहा. पक्षाचं, गावाचं, कार्यालयाचं नाव नको. माझा एकच प्रश्न आहे: खर्च प्रत्यक्षात कुणाच्या अंगावर पडतो?

कॉलेजकुमार (माजी)

माझ्या अंगावर पडला. सकाळची एसटी आलीच नाही. कंट्रोलरनं सांगितलं, डेपोतल्या गाड्या मेळाव्याला गेल्यात. त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. वडाप मिळेना म्हणून दुधाच्या टेंपोत बसून गेलो. तासाभराने पोहोचलो, सरांनी घेतलं. ज्यांना टेंपो मिळाला नाही त्यांना पुन्हा वेगळी तारीख मागावी लागली.

झेंडूवाला

मी उलट बाजूने लिहितो, राग मानू नका. आमची दीड एकर झेंडूची शेती, ठिबकवर. पाऊस नसला की लोक लग्नं साधी करतात, गणपतीतही हात आखडता. अशा वर्षी आमचा माल उचलतात ते हे पुढारीच. क्रेनला लटकवून घालतात ना तो हार, त्यावर तुम्ही सगळे हसता. आमच्याकडच्या व्यापाऱ्याला तसल्या एका हाराची ऑर्डर आली की त्या दिवशी मार्केटमध्ये भाव सावरतो.

आणि मग एखादे साहेब जाहीर करतात, 'दुष्काळ असल्याने हार-तुरे नकोत, वह्या द्या.' पेपरात कौतुक होतं. माल तोडून क्रेटमध्ये भरलेला असतो. त्या वह्या दुकानातून येतात, दुकानदाराला दुष्काळ नसतो. काटकसरीचा मान साहेबांना आणि माल आमचा उकिरड्यावर, असं एकदा झालंय. मला वह्यांबद्दल आकस नाही. चार दिवस आधी सांगत जा, एवढंच.

महसूलमध्ये होतो

निवृत्त झालोय, म्हणून लिहू शकतो.

मेळावा ठरला की तालुक्याला आकडा येतो. म्हणजे किती माणसं आणायची तो. तोंडी. लेखी येतं ते 'लाभार्थ्यांच्या उपस्थितीबाबत योग्य ती कार्यवाही करावी' एवढंच. मग तहसीलमध्ये बैठक, प्रत्येक मंडळाला गाड्या वाटून द्यायच्या, प्रत्येक गाडीवर एक तलाठी, एक ग्रामसेवक, शक्य असेल तर कृषी सहायक. बसमध्ये पाण्याचा बॉक्स आणि नाश्त्याची पाकिटं. बसचं ठीक आहे, तो प्रासंगिक करार असतो, म्हणजे एसटी भाड्याने घेतलेली, त्याचं बिल कुठल्यातरी विभागाकडे जातं. नाश्त्याला मात्र लेखाशीर्षच, म्हणजे खर्च टाकायला सरकारी खातंच नसायचं. 'तुमच्या पातळीवर बघा.' या तीन शब्दांत सगळं आलं.

आमच्या पातळीवर म्हणजे कुणाच्या? रेशन दुकानदार, स्टोन क्रशरवाला, वाळूवाला. कुणी नाही म्हणत नाही. पण वाळूवाल्याने दिलेल्या नाश्त्याची परतफेड तो नाश्त्यात मागत नाही, हे नंतर रात्री नदीकाठी ट्रॅक्टर अडवायला गेल्यावर कळतं. हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसणार नाही.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आहे. मंचावर प्रातिनिधिक स्वरूपात काही जणांना मंजुरीपत्रं द्यायची होती. संजय गांधी निराधार योजनेतल्या एक बाई निवडल्या होत्या. त्यांना कितीतरी महिन्यांपासून पैसे सुरू होते, मंजुरी कधीचीच झालेली. पण मंचावर नेता येतील, चालता येईल, बोलायला सांगितलं तर दोन शब्द बोलतील, अशा त्याच होत्या. फाइलमधलंच मंजुरीपत्र काढून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मान्यवरांच्या हातात दिलं. फोटो झाला. बाई खाली उतरल्या तसा आमचा कोतवाल पुढे झाला आणि फोल्डर परत घेतला, कारण फाइलला मूळ प्रत लागते. बाईंनी विचारलं, 'म्हणजे आता बंद झालं का?' त्यांना समजावण्यातच बराच वेळ गेला.

त्या आठवड्यात पंचनाम्यांचं काम चालू होतं. सगळे तलाठी बसच्या मागे. पंचनामे नंतर रात्री बसून भरले. बांधावर न जाता पंचनामा कसा भरतात ते जाणकारांना सांगायला नको. मंडपाच्या बिलावर लोक इतके का चिडतात मला कळत नाही. ते निदान कागदावर असतं.

डोमवाले

वरच्या काकांनी आमचीच बाजू घेतली म्हणायची!

आमचा मंडपाचा धंदा. पूर्वी बांबू आणि कनात, आता जर्मन डोम, कार्पेट, बॅरिकेड, सोफे, कूलर, एलईडी वॉल. बांधकाम विभागाची ऑर्डर येते ती बहुतेक वेळा तारखेच्या तोंडावर. साहेबांची वेळच उशिरा मिळते, मग सगळं 'तातडीची बाब' होतं. तातडीत दर चढतोच, ट्रक आणि माणसं बाहेरून आणावी लागतात. त्यात बिल निघायला वर्ष लागू शकतं. तरतूद नाही, पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी येईल मग बघू. तोपर्यंत मजुरांना रोख द्यायची, बँकेला व्याज द्यायचं. हे व्याज मी माझ्या खिशातून देणार नाही, ते दरात धरलेलं असतं. पेपरात आकडा छापून येतो तेव्हा लोक म्हणतात, खाल्ले. खाणारे असतील, नाही म्हणत नाही. पण बरंचसं सरकारच्या उधारीचं व्याज असतं.

अवकाळीने एक डोम पाडला होता, ते नुकसान सरळ माझं. त्याचं बिल कुणाला लावायचं?

बंदोबस्त

माझे मिस्टर पोलिसात आहेत. व्हीआयपी येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून घराबाहेर. त्यांचा पगार तर चालूच असतो, म्हणून खर्चाच्या बातमीत तो कधी धरत नाहीत. मुलीचा वाढदिवस दोनदा गेला त्यात. एवढंच.

लातूरकर

2016 चा उन्हाळा. शहरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, 144 कलम. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ती जलदूत. पहिली खेप 12 एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी (पाण्याच्या टाकीचे डबे), पाच लाख लिटर. स्टेशनवर हार घातलेलं इंजिन, बॅनर, घोषणा, आणि पाणी आणलं कुणी यावरून श्रेयाची झोंबाझोंबी. तो पण एक सोहळाच झाला. मी गर्दीत होतो. खरं सांगतो, मला वाईट नाही वाटलं. रडू आलं होतं बायकांना.

त्याच दिवसांत बेलकुंडच्या हेलिपॅडची बातमी आली. मंत्री उतरणार म्हणून धूळ बसवायला दहा हजार लिटर पाणी मारलं. टीव्हीवर तज्ज्ञ सांगत होते की धूळ उडाली तर हेलिकॉप्टरला धोका असतो. असेल. पण लातूरहून बेलकुंडला चांगला रस्ता आहे, आम्ही मोटारसायकलवर जातो. हिशेबाने बघितलं तर दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर, जलदूतच्या त्या पहिल्या खेपेचा पन्नासावा भाग. आमच्या गल्लीत तो एक टँकर कुणाच्या दारात उभा राहायचा यावरून सख्खे चुलतभाऊ बोलायचे बंद झाले होते.

उपसरपंच

सगळे रडगाणं गाताय, माझं ऐका. मंत्री येणार ठरलं आणि आमच्या गावचा खड्ड्यांचा रस्ता आठवड्यात डांबरी झाला. आम्ही त्यासाठी किती निवेदनं दिली असतील! माझं तर म्हणणं आहे, दर साली एकेका गावात सोहळा करा.

फक्त, डांबर सभेच्या मैदानापर्यंतच आलं. तिथून पुढे वस्तीपर्यंत जे होतं तेच आहे. आता वस्तीवाले म्हणतात, पुढची सभा आमच्याकडे घ्या.

घटनेची प्रत

शपथविधीचा विषय निघालाय म्हणून. घटनेच्या 164 व्या कलमात एवढंच आहे की मंत्र्याने पद घेण्याआधी राज्यपालांनी त्याला शपथ द्यावी. मजकूर तिसऱ्या अनुसूचीत आहे, वाचायला एकदोन मिनिटं पुरतात. मैदान, गर्दी, पाहुणे यांचा त्यात उल्लेख नाही. वानखेडे (2014), शिवाजी पार्क (2019), आझाद मैदान (2024) ही सगळी हौस.

कोपऱ्यातला

@घटनेची प्रत, बिनखर्चाचा शपथविधीही आपण पाहिलाय की! 23 नोव्हेंबर 2019, सकाळी सकाळी राजभवन, ना मंडप ना हार. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काटकसरीचं कौतुक एकानेही केलं नाही. मी स्वतः शिवाजी पार्कला गर्दीत उभा राहिलोय, आणि समोर उघड्यावर शपथ घेताना बघायला मला आवडलं. गाडीभाडं माझं होतं.

पनवेलची

काटकसर म्हटलं की मला भीती वाटते ती वेगळीच. 16 एप्रिल 2023, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा. आमच्या इमारतीतून बरेच जण गेले होते, कुणी आणलं म्हणून नाही, श्रद्धेने. मंचावर छत होतं, मैदान उघडं. उष्माघाताने 14 जण गेले. आमच्या शेजारच्या काकू सलाईन लावून परत आल्या. खर्च कोट्यवधींचा झाला होता म्हणून त्यावर टीका झाली, ठीक आहे. पण पैसे वाचवा म्हटलं तर पहिली कात्री कुठे लागेल? मंचाला की लोकांच्या डोक्यावरच्या कापडाला? डोमवाल्यांनी सांगावं.

डोमवाले

लोकांच्या. कोटेशन कमी करा म्हटलं की मागचे पत्रे आणि पंखे कमी होतात. मंचाला कुणी हात लावू देत नाही.

धागाकर्ता

हे सगळं वाचून प्रश्न सुटण्याऐवजी वाढलाय. काका, हा खर्च नेमका शोधायचा तर माहिती अधिकारात कुठे अर्ज टाकायचा?

महसूलमध्ये होतो

एका ठिकाणी टाकून मिळणार नाही, तीच तर मेख आहे. मंत्रालय पातळीवरचा सोहळा असेल तर सामान्य प्रशासन विभागाची राजशिष्टाचार शाखा. जिल्ह्यातला असेल तर मंडप बांधकाम विभागाकडे, बसचा प्रासंगिक करार एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे, बंदोबस्त पोलिसांकडे, बाकी जिल्हाधिकारी कार्यालय. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा वेगवेगळे अर्ज करा. प्रत्येकी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपये. 'खर्च किती झाला' असं मोघम विचारू नका. देयकांच्या प्रती मागा, आणि कुठल्या लेखाशीर्षातून पैसे गेले ते विचारा.

कॉलेजकुमार (माजी)

बसवाला अर्ज मी टाकतो, मेळाव्याची तारीख माझ्या अजून लक्षात आहे. मंडपाचा कोण घेतंय?