थंडरबर्डमध्ये एका डोमेनवरून येणारे सगळे स्पॅम कसे अडवावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे जीमेल खाते आम्ही थंडरबर्ड या संगणकावरील मेल प्रोग्राममध्ये पाहतो. कापसाचा हंगाम लागला की व्यापाऱ्यांच्या चौकशीसोबत कर्ज, लॉटरी आणि ‘आपले खाते बंद होणार’ अशा मेलांचा ढीग पडतो. एकेक पत्ता ब्लॉक करून उपयोग होत नाही, कारण डोमेन, म्हणजे @ च्या पुढचा भाग, तेच राहते आणि @ च्या आधीचे नाव बदलत जाते. संपूर्ण डोमेन अडवता येईल काय?

उत्तर (अमरावती)
येते. ‘टूल्स’मधील ‘मेसेज फिल्टर्स’ उघडून नवा फिल्टर करावा. ‘फ्रॉम’, ‘कंटेन्स’ अशी अट निवडून पुढे @ सह डोमेन लिहावे आणि मेल जंक फोल्डरमध्ये हलवण्याची कृती द्यावी. @ गाळून नुसता ‘ॲग्रो’सारखा शब्द लिहिल्यास बियाण्यांच्या खऱ्या कंपन्याही त्यात अडकतात. मात्र @ लिहिल्यावर त्याच डोमेनचे उपडोमेन (@ आणि डोमेन यांच्या मध्ये आणखी एक नाव असलेला पत्ता) सुटते, त्यासाठी वेगळी अट जोडावी लागते.

उत्तर (आर्वी, वर्धा)
वरील उपाय बरोबर आहे, पण तो फिल्टर थंडरबर्ड सुरू असतानाच चालतो. संगणक बंद असला की तोच कचरा तुमच्या मोबाईलवर दिसत राहणार. म्हणून मी तरी हा नियम जीमेलच्याच सेटिंग्जमध्ये, ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ येथे करीन. तिथे ‘डिलीट’ निवडल्यास मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, त्यामुळे चुकून गेलेली चौकशी परत मिळते. जीमेल.कॉम हे डोमेन मात्र कदापि अडवू नये, कारण निम्मे व्यापारी त्यावरूनच लिहितात.
बँकेच्या नावाने फसवा मेल आला म्हणून बँकेचे डोमेन अडवणेही चूक ठरेल. १९८२ च्या मूळ एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या) नियमांत पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ‘फ्रॉम’मध्ये कोणीही काहीही लिहू शकतो. जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याच्या डोमेनचा खरेपणा पाहणाऱ्या तपासण्यांपुढे ‘पास’ आहे की ‘फेल’, ते पाहावे.

प्रश्नकर्ता
जीमेलमध्ये नियम केला, आभारी आहे. शासकीय मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून ‘जीओव्ही.इन’ला सरसकट सूट द्यावी काय?

उत्तर (अमरावती)
‘कंटेन्स’ वापरून तशी सूट देऊ नये. ठग ‘जीओव्ही.इन’ ही अक्षरे पत्त्याच्या मधोमध घालतात आणि खरे डोमेन त्यांच्यानंतर, अगदी शेवटी असते. कृषी कार्यालयाचा जो नेमका पत्ता येतो, तेवढाच संपर्क यादीत ठेवावा.