सगळं काम मी केलं, तरी रिव्ह्यूत आम्ही चौघंही गप्प. रिपोर्ट आणि टीमवर्कवर एवढा वेळ का घालवायचा?

बार्शीकर_मेक

नमस्कार. मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव बार्शीजवळ, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहतो.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे उसाचा डोळा काढायचं यंत्र. रोपवाटिकेत कांडीवरचा डोळा काढून ट्रेमध्ये लावतात. आमच्या भागात ते काम बायका दिवसभर हाताने करतात आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. मी पायाच्या पेडलवर चालणारा एअर सिलिंडर (हवेच्या दाबाने सरकणारा दांडा) घेतला आणि त्याच्या टोकाला अर्धगोल पातं बसवलं. यंत्र चालतं. डोळा नीट निघतो, फाटत नाही.

ग्रुपमध्ये चौघे आहोत. डिझाइन, खरेदी, वर्कशॉपच्या चकरा सगळं मी केलं. बाकीचे तिघे रिव्ह्यूच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून आले. गाईडनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "पात्याला जोर किती लागतो आणि तो कसा काढला?" त्याने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं, पण इंग्रजीत दोन वाक्यांनंतर अडकलो. ६२ पानांचा रिपोर्ट परत मिळाला. सर म्हणाले, "हे वाचून यंत्र कसं चालतं ते मला कळलं नाही. पुन्हा लिहा."

त्यातच धायरीच्या फॅब्रिकेशनवाल्याने प्लेटची चार भोकं चुकवली. मला आटे हवे होते, त्याने १२ एमएमची आरपार भोकं पाडून ठेवली. नवी प्लेट, ९०० रुपये आणि एक आठवडा गेला.

माझा प्रश्न मनापासून आहे. यंत्र चालत असेल तर रिपोर्ट किती चांगला लिहिला याने काय फरक पडतो? आणि ज्यांनी कामच केलं नाही त्यांच्याबरोबर टीमवर्क कसलं करायचं? हाच वेळ मी सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर पक्कं करण्यात घालवला तर नोकरीसाठी जास्त उपयोग होणार नाही का?

हिंजवडी_फेज_दोन

तीन वर्षांपूर्वी पास आउट झालो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे तुझ्या यंत्राबद्दल काही सांगू शकत नाही. पण माझा जवळजवळ अर्धा दिवस लिहिण्यात जातो. मी झोपलेला असताना माझं तिकीट, म्हणजे अडचणीची लेखी नोंद, दुसऱ्या देशातला माणूस उघडतो. त्यात नुसतं "एरर येतोय, प्लीज चेक" असेल तर तो उलट विचारतो, कुठल्या स्क्रीनवर, कधीपासून? मी सकाळी उत्तर देतो तेव्हा त्याची रात्र झालेली असते. दोन ओळी कमी लिहिल्या की दोन दिवस जातात. हे मला कॉलेजात कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भोसरी_क्वालिटी

वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अरे-तुरे करते. भोसरी एमआयडीसीत २६ वर्षं क्वालिटीत आहे.

आधी त्या भोकांचं बोलू. तू ड्रॉइंगवर नक्की काय लिहिलं होतंस? मला वाटतं "१२ होल, ४ नग". तसं असेल तर धायरीच्या माणसाने तू लिहिलंस तेच केलं. आटे पाडायचे होते तर "एम १२ टॅप" लिहायला हवं होतं. मग त्याने १०.२ चं ड्रिल लावलं असतं आणि वरून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला असता. तुझ्या डोक्यात बोल्ट होता, कागदावर भोक होतं. ड्रॉइंग हेसुद्धा लिखाणच आहे. ते वाचताना तू त्याच्या शेजारी उभा नव्हतास, आणि माझ्या मते लिहिताना लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. वाचणाऱ्याला तुला विचारता येणार नसतं.

आता माझा अनुभव सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही, जुनी गोष्ट आहे. मी नवीन होते, दुसऱ्या शिफ्टला. एका सीएनसी मशीनवर (संगणकाच्या आकड्यांवर चालतं ते) टूल बदलला आणि जाताना लॉगबुकात लिहिलं, "टूल बदलला. ऑफसेट बघून घेणे." मला म्हणायचं होतं, तिसऱ्या शिफ्टवाल्याने पहिला पीस मोजून ऑफसेट, म्हणजे नव्या टूलसाठी मशीनला दिलेला फरकाचा आकडा, तपासावा. त्याला वाटलं मॅडमनी तपासून ठेवलाय आणि सवयीने "घेणे" लिहिलंय, कारण आमच्याकडे केलेल्या कामालाही लोक "ग्रीसिंग करणे", "चिप साफ करणे" असंच लिहायचे. सकाळी आले तेव्हा १८० पीस लाल क्रेटमध्ये होते. बोअर, म्हणजे आतलं भोक, सगळ्यांचा मोठा. लहान असता तर परत मशीनवर घेता आला असता. मोठा झाल्यावर भंगारच.

मी त्या ऑपरेटरवर चिडले. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. त्याने शांतपणे लॉगबुक माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, कोणी बघायचं ते यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. आपल्या मराठीत "करणे, बघणे, कळवणे" असं लिहायची सोय आहे आणि त्यात करणारा गायब होतो. तेव्हापासून मी लॉगबुकात पूर्ण वाक्य लिहिते. "टूल मी ९.४० ला बदलला. ऑफसेट तपासलेला नाही. पहिला पीस बोअर गेजने मोजल्याशिवाय मशीन चालू करू नये. मोजमाप इथे लिहून सही करावी." चार ओळी आहेत, लिहायला दोन मिनिटं लागतात.

तू म्हणशील ही शॉप फ्लोअरची गोष्ट झाली, डिझाइनवाल्यांचं वेगळं असतं. तसं नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोहोचताना हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या थ्रस्टरचा (छोट्या इंजिनाचा) आवेग पाउंड-फोर्स-सेकंदात देत होतं आणि ज्यांनी तो आकडा वापरला ते त्याला न्यूटन-सेकंद समजत होते. फरक साधारण ४.४५ पटींचा. मेट्रिक एकक वापरायचं हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं, तरी पाळलं गेलं नाही. यान वाटेत असतानाच मार्गाबद्दल काही जणांना शंका आली होती, पण तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला नाही. कागद एकीकडे आणि माणसं दुसरीकडे राहिली. चाकणपासून रांजणगावपर्यंत कुठल्याही सप्लायरकडे जा, याच्या छोट्या आवृत्त्या तुला ऐकायला मिळतील.

कस्टमरकडून तक्रार आली की आम्ही एट-डी, म्हणजे आठ पायऱ्यांचा, रिपोर्ट भरतो. फोर्डने १९८७ च्या सुमारास ही पद्धत घालून दिली, आता गाड्यांच्या धंद्यात सगळीकडे चालते. त्यातली पहिली पायरी कोणती? टीम ठरवणे. दुसरी? प्रॉब्लेम शब्दांत मांडणे: कुठला पार्ट, कुठे, कधी, किती नग, काय दिसलं. मूळ कारण चौथ्या पायरीवर येतं. नवीन मुलं आली की थेट चौथ्यावर उडी मारतात, कारण तेवढंच त्यांना इंजिनिअरिंग वाटतं. मग मी त्यांना दुसरी पायरी पुन्हा लिहायला लावते. प्रॉब्लेम नीट लिहिता लिहिता निम्म्या वेळा कारण आपोआप दिसतं.

इंग्रजीचं म्हणशील तर ती अडचण वेगळी आहे आणि सुटणारी आहे. आधी यंत्र कसं चालतं ते मराठीत लिही, तुझ्या आईला कळेल असं. ते जमलं की इंग्रजीत लहान लहान वाक्यांत उतरव. मराठीतच गोंधळ असेल तर इंग्रजी त्याला वाचवणार नाही.

एक विचारायचं राहिलं. पात्याला लागणारा जोर तू खरंच कसा काढलास?

बार्शीकर_मेक

ताई, ड्रॉइंग आता काढून बघितलं. "१२ होल" हेच लिहिलंय. त्या काकांशी मी भांडून आलो होतो. उद्या जाऊन माफी मागतो.

जोर असा काढला. मंडईतून स्प्रिंगचा वजनकाटा आणला. पातं एका लिव्हरला लावलं, दुसऱ्या टोकाला काटा अडकवून ओढला आणि डोळा सुटला त्या क्षणीचं वजन वाचलं. जाड, मध्यम, बारीक अशा कांड्या वेगळ्या करून प्रत्येकीच्या दहा घेतल्या. सगळ्यात जास्त आलेल्या आकड्यावर सुरक्षेसाठी वाढीव फॅक्टर धरून सिलिंडरचा बोअर ठरवला.

पण हे रिपोर्टमध्ये नाही. मला वाटलं वजनकाटा वगैरे लिहिलं तर हसतील. तिथे मी कटिंग फोर्सची पुस्तकातली व्याख्या आणि सूत्रं टाकली आहेत.

भोसरी_क्वालिटी

अरे, सगळ्या ६२ पानांत वाचण्यासारखं तेवढंच असणार, आणि नेमकं तेच तू वगळलंस! मी मुलाखत घेत असते तर हे ऐकून तुला पुढची वीस मिनिटं सोडलं नसतं. वजनकाट्याचा फोटो टाक. तिन्ही जाडीच्या कांड्यांचे तीसच्या तीस आकडे टेबलात दे. व्याख्या काढून टाक, त्या सरांना पाठ आहेत.

आणि तुझ्या तिघांचं. त्यांनी काम केलं नाही हे खरं असेल. पण तू काढलेला आकडा त्यांना कधी सांगितलास का? काटा ओढताना एकाला वाचायला उभं केलं असतंस तर रिव्ह्यूत त्याने तुझ्याकडे बघितलं नसतं. या रविवारी चौघे बसा. त्यांना नुसतं "मदत करा" म्हणू नकोस, प्रत्येकाला एक प्रकरण दे. ज्याला जोराचं काही माहीत नाही त्यालाच जोराचं प्रकरण लिहू दे, तुला विचारून. तो जे प्रश्न विचारेल तीच तुझ्या रिपोर्टमधली गाळलेली जागा. एवढं करूनही एखादा आलाच नाही तर कोणी काय केलं ते तारखेसकट लिहून गाईडना दे. ती तक्रार होत नाही, नोंद होते.

टीम_वेल्डर

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी केलेल्या टीममध्ये होतो, म्हणून फक्त एक आकडा सांगतो. तशाच फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या नियमांत एकूण १००० गुणांपैकी ३२५ गाडी न चालवता मिळतात. डिझाइन १५०, कॉस्ट १००, प्रेझेंटेशन ७५. आम्ही महिनोन्‌महिने रात्री वेल्डिंग केलं आणि डिझाइन रिपोर्ट शेवटच्या दोन रात्रींत लिहिला. परीक्षकाने विचारलं, हा ट्यूब इतक्याच जाडीचा का? ज्याला माहीत होतं तो आदल्या वर्षी पास होऊन गेला होता.

कर्वेनगर_निवृत्त

मी ३१ वर्षं शिकवलं, म्हणून थोडं वेगळं मांडतो. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन अकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या तेव्हाच्या बारा प्रोग्राम आउटकम्सची (पदवीधराला काय यायला हवं त्या यादीची) भाषा प्रत्येक विभागात रुजली. त्यात नववं टीमवर्क होतं, दहावं कम्युनिकेशन. आम्ही फायलींमध्ये त्यांचे तक्ते भरले. वर्गात मात्र मुलांचं लिखाण वाचून परत द्यायला, पुन्हा लिहून घ्यायला वेळ फार कमी दिला. याची मला खंत आहे. तुमच्या गाईडनी रिपोर्ट परत केला म्हणजे त्यांनी तो वाचला. त्यांचे आभार मानावेत.

क्वालिटीवाल्या ताईंच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. स्पष्ट लिहिणं पुरेसं नसतं. रॉजर बोइजॉली या इंजिनिअरने ३१ जुलै १९८५ ला आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांना मेमो लिहिला होता. नासाच्या अंतराळयानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंगकडे (गळती रोखणाऱ्या रबरी कडीकडे) लक्ष दिलं नाही तर माणसं मरतील, इतक्या थेट शब्दांत. पुढे २७ जानेवारी १९८६ च्या रात्री टेलिकॉन्फरन्समध्ये इंजिनिअरांनी थंडीत उड्डाण नको असं सांगितलं. व्यवस्थापनाने आपसात चर्चा करून ते मत फिरवलं. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे अंतराळयान कोसळलं आणि सात जण गेले. लिहिणाऱ्याने आपलं काम केलं होतं, ऐकणारे कमी पडले. मी टीमवर्क शिकवताना हे उदाहरण नेहमी द्यायचो. टीममधला सगळ्यात अवघड भाग म्हणजे आपल्याला नको असलेली माहिती घेऊन आलेल्या माणसाला पूर्ण बोलू देणं. ग्रुप लीडर तुम्ही आहात, म्हणून हे तुम्हाला सांगितलं.

बार्शीकर_मेक

दहा दिवसांनी लिहितोय. धायरीच्या काकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि जुन्या ड्रॉइंग्जचा गठ्ठा दाखवला. कुठल्या ड्रॉइंगवर त्यांना फोन करावा लागला आणि कुठल्यावर नाही, हे एकेक काढून सांगितलं. दोन तास बसलो.

रविवारी तिघांपैकी दोघे आले. ज्याने माझ्याकडे बघितलं होतं त्यालाच जोराचं प्रकरण दिलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कांडी ओली होती की तोडून दोन दिवस झालेली?" मी ते नोंदलंच नव्हतं. आता दोन्ही प्रकारच्या कांड्यांवर पुन्हा मोजतोय, काटा तो वाचतो.

यंत्र कसं चालतं तो परिच्छेद नव्याने लिहिलाय. ताई, जरा बघता का?

"चालवणारी व्यक्ती स्टुलावर बसते. डाव्या हाताने कांडी व्ही आकाराच्या खाचेत अशी ठेवते की डोळा वरच्या बाजूला, पात्याच्या बरोबर खाली येईल. उजव्या पायाने पेडल दाबल्यावर सिलिंडर पातं खाली ढकलतो. पातं डोळ्याभोवतीचा अर्धगोल भाग कापतं. कापलेला डोळा पुढच्या उतरणीवरून ट्रेमध्ये पडतो. त्यानंतर ती व्यक्ती कांडी पुढे सरकवून पुढचा डोळा पात्याखाली आणते."

भोसरी_क्वालिटी

आता मला यंत्र दिसलं. ट्रेसुद्धा दिसला.

फक्त एक सांग. पायाने पेडल सोडल्यावर पातं आपोआप वर जातं, की खालीच थांबतं? आणि कांडी सरकवताना चुकून पाय पडला तर डावा हात नेमका कुठे असतो? हे दोन्ही लिहिलेलं नाही. लिहायच्या आधी यंत्रापाशी जाऊन बघ, आणि बघायच्या आधी हवा बंद कर.